तळ्यात लॅपटॉप, मळ्यात वॉरंटी

छे छे, आता मात्र हद्द झाली! रायगडातल्या आपल्या तळा गावच्या एसटी स्टँडवर माणसं पूर्वी काय बोलायची? भात पोटरीला आलं का, आंब्याला मोहोर किती, इंदापूरची गाडी सुटली का. आणि आता? बारावीचा निकाल लागून आठवडा होत नाही, तर बाकावर टेकलेले काका शेजारच्याला विचारतात, "रॅम सोल्डर्ड आहे की वाढवता येते?" अहो काका, स्वतःच्या चष्म्याचा नंबर तुम्हाला सांगता येत नाही, आणि पुतण्याच्या लॅपटॉपचा रिफ्रेश रेट तोंडपाठ? हे ऐकून आपण कानांवर हात ठेवायचे. अर्थात बोटं जरा फाकवून. पुढचं ऐकू यायला नको?

पूर्वी लॅपटॉप घेणं किती सोज्वळ होतं! मुंबईच्या मामाला फोन जायचा, "चांगलासा बघून आण." मामा गणपतीला येताना बॅगेतून काढायचा. "चालू होतो ना?" "होतो." झाला व्यवहार. पेढे वाटून घरचे मोकळे. आता मामाला कोण विचारतो? आता शोधसमिती नेमली जाते. तीत एक पुण्याचा जावई, एक ठाण्याचा भाचा, एक एमएससीआयटीच्या क्लासवाल्या मॅडम आणि एक असा शेजारी, ज्याला कुणीच बोलावलेलं नसतं. समितीचा ग्रुप निघतो. रात्री अकराला जावई एक लिंक टाकतो, सव्वाअकराला भाचा ती हाणून पाडतो. "यात पंखा एकच आहे." एकच पंखा! घरात तीन खोल्यांत मिळून दोन पंखे आहेत, त्यावर आजवर कुणी ब्र काढला नव्हता.

बरं, या वेडाला निमित्तही मिळालं भरभक्कम. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ थांबवला. अकराव्या विंडोजला तर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आतला सहसा चालत नाही. झालं! काल-परवापर्यंत सुरळीत चालणारं यंत्र एका रात्रीत म्हातारं ठरलं. आपल्याकडे पिढ्या मोजायच्या त्या सोयरिकीत आणि सातबाऱ्यावरच्या वारसांत. आता पोरं बापाला विचारतात, "आपली कितवी जनरेशन?" बाप बिचारा कुळाची वंशावळ सांगायला घेतो.

मग निघते वरात. कुणी माणगावला, कुणी थेट पनवेलला. दुकानात शिरल्यावरचा थाट बघा. पापलेटचे कल्ले उघडून ताजेपणा बघणारे आपण, लॅपटॉपसुद्धा तसाच हातात घेतो. आधी उलटा करायचा, पोटावरच्या जाळीत डोकावायचं, बिजागरी दोनदा उघडमीट करायची, कीबोर्डाच्या मधोमध अंगठा दाबून "लवतोय" असं पुटपुटायचं. दुकानातला पोरगा भाबडेपणाने म्हणतो, "आय-फाइव्ह आहे सर." सर गालातल्या गालात हसतात. "पुढचे आकडे सांगा. शेवटचं अक्षर यू की एच?" पोरगा खोक्याकडे धावतो. सर बायकोकडे बघतात. बायको छताकडे बघते.

पण यात सरांचं चुकलं म्हणाल, तर तीही सोय कंपन्यांनी ठेवलेली नाही. नावं ठेवताना या मंडळींनी जे काही केलंय, ते बारशाला आलेल्या आत्याने केलं असतं तर तिला पुन्हा कुणी बोलावलं नसतं. नुसता आय-सेव्हन म्हटलं की लोक मान डोलावतात. पण चार पिढ्या जुना आय-सेव्हन आजच्या आय-फाइव्हपुढे धापा टाकतो, हे कोण सांगणार? मागे यू असेल तर वीज कमी खाणारा, बॅटरीला जपणारा. एच असेल तर दांडगा, वीज पिणारा आणि मांडी भाजणारा. लोकांना हे जरा कुठे कळू लागलं, तोच २०२३ मध्ये इंटेलने नव्या नावांतून ते 'आय'च काढून टाकलं आणि 'कोअर अल्ट्रा' आणलं. एएमडीची तर आणखी मजा. रायझनच्या सात हजारांच्या मालिकेत तिसरा आकडा बघायचा. ७५२० यू मध्ये तो २ आहे, म्हणजे आतली रचना २०१९ ची झेन २. ७५३० यू मध्ये तो ३ आहे, म्हणजे झेन ३. खोक्यावर दोन्हीकडे ठळक अक्षरांत 'रायझन ५'! वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हाच की नाही? आणि हे गुपित आता तळ्याच्या बाजारात भाजी घेणाऱ्या काकूंनाही माहीत आहे, याचा आनंद मानावा की धसका घ्यावा?

त्यात आली एआयची साथ. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'कोपायलट प्लस पीसी' जाहीर केले. अटी काय? निदान १६ जीबी रॅम, २५६ जीबी साठवण आणि ४० टॉप्सचा एनपीयू, म्हणजे खास एआयसाठीचा प्रोसेसर. ४० टॉप्स म्हणजे सेकंदाला ४० लाख कोटी आकडेमोडी. एका सेकंदात! आणि या ४० लाख कोटींना आपण जुंपणार कशाला? तर पोराच्या प्रोजेक्टला 'पर्यावरणाचे महत्त्व' लिहायला आणि आजोबांच्या पंचाहत्तरीच्या फलकावरची पार्श्वभूमी खोडायला. त्यातलंही बरंचसं काम इंटरनेटवरच होतं, एनपीयू आपला कोपऱ्यात बसून जांभया देतो. तरी खोक्यावर 'एआय' ही दोन अक्षरं नसली, तर घरी घेऊन जायची लाज वाटते म्हणे.

एक हिशेब सांगतो, म्हणजे चक्करच येईल. १९८१ साली ऑस्बॉर्न १ नावाचा, उचलून नेता येईल असा संगणक बाजारात आला. वजन सुमारे ११ किलो, रॅम ६४ किलोबाइट. त्यावर लोक पुस्तकं लिहायचे आणि धंद्याचे हिशेब ठेवायचे. आज १६ जीबीचा लॅपटॉप घेतला तर त्याच्या अडीच लाख पटींहून जास्त रॅम झाली. आणि या अडीच लाख पटींत आपण करतो काय? सातबारा डाउनलोड करतो. तोही एकदा फसतो.

मागायला मात्र कुणी मागे नाही. ८ जीबी म्हटलं की घरातली शेंबडी पोरंसुद्धा नाक मुरडतात. अन् नेमकी याच वेळी रॅमने भाव खाल्ला. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिपा घाऊक भावात उचलल्या, किमती भडकल्या, आणि डिसेंबरात मायक्रॉनने तर 'क्रुशिअल' हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. म्हणजे 'आता आठ घेऊ, पुढे वाढवू' म्हणणाऱ्यांचीही पंचाईत. त्यातून रॅम बोर्डालाच चिकटवलेली निघाली, तर पुढे वाढवायची ती फक्त हळहळ.

साठवणीचा तमाशा वेगळाच. ५१२ जीबी म्हणून घेतला, घरी उघडला, तर विंडोज दाखवतं ४७६! घरात भूकंप. "छत्तीस जीबी गेले कुठे?" दुकानदाराला फोन, भाच्याला फोन, जावयाला फोन. दुकानदाराने मारले, कंपनीने मारले की वाटेत कुणी काढून घेतले? कुणीही मारलेले नसतात. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४ च्या. माप तेच, पायली वेगळी. पण हे इतकं साधं उत्तर मिळाल्यावर लोक जे खट्टू होतात, ते बघण्यासारखं असतं. चोरी झालीच नाही म्हणजे काय? मग आता स्टँडवर सांगायचं काय?

पडद्याकडे तर कुणी बघतच नाही, आणि बघायला हवं ते नेमकं तिथेच. स्वस्तातल्या कित्येक लॅपटॉपांवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, २५० निट्स, ४५ टक्के एनटीएससी. म्हणजे उजेड बेताचा, आणि रंग चांगल्या पडद्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. आपल्या पडवीत दुपारी तो उघडला की पडद्यावर फक्त आपलंच तोंड दिसतं. ऐन हंगामात बागायतदाराने त्यावर हापूसचे फोटो सजवले, तर केशरी आंबा अर्धकच्चा दिसतो. गिऱ्हाईक म्हणणार, पिकलेला पाठवा. पण नाही! आपण भांडणार कशावर? कीबोर्डाखाली दिवे लागतात का, यावर. आणि ते सप्तरंगी लागतात का, यावर. गावात दिवे जातात तेव्हा कामाला येतील म्हणे.

मग येतो सेलचा मोसम. गणपतीचा सेल, दसऱ्याचा सेल, दिवाळीचा सेल, दिवाळी संपल्याचा सेल. "नो कॉस्ट ईएमआय आहे, म्हणजे फुकटच की!" म्हणणाऱ्या भोळ्या जिवांनो, शून्य टक्के व्याज नावाची गोष्ट रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बंद करायला लावली. हल्ली व्याज लागतंच, तेवढी सूट आधी दाखवतात इतकंच. वर क्रेडिट कार्ड असेल तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि जमलंच तर प्रोसेसिंग फी. कुणी कुणाला फुकट दिलंय? पण सांगितलं तर ऐकतो कोण! लॅपटॉप पन्नासचा ठरवून गेलेला माणूस बॅग, माउस, कूलिंग पॅड, पडद्याची फिल्म, कीबोर्डाचं पारदर्शक लुगडं आणि दोन वर्षांचं अँटिव्हायरस घेऊन बाहेर पडतो. चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला. आणि अँटिव्हायरस विंडोजमध्ये आधीपासूनच असतो, हे त्याला स्टँडवर उतरल्यावर काकांकडून कळतं.

थांबा, खरी मेजवानी पुढेच आहे. वॉरंटी!

हा विषय निघाला की दुकानात एकदम शांतता पसरते. एवढा वेळ जो माणूस यू-एच, जीबी-टॉप्स करत होता, तो विचारतो, "एक वर्षाची आहे ना? झालं तर." झालं तर? अहो, झालं तर काय? अडीच तास प्रोसेसरवर आणि अडीच मिनिटं वॉरंटीवर! १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी २३ किल्ले दिले आणि १२ राखले, त्या राखलेल्यांत आपला तळगड होता. ज्या गावाच्या डोक्यावर अशा काटेकोर तहाची साक्ष उभी आहे, त्या गावाने चार पानांच्या अटी न वाचता सही ठोकावी?

वाचल्या असत्या, तर करमणूक तरी झाली असती. 'ऑनसाइट, नेक्स्ट बिझनेस डे.' म्हणजे तक्रार करा, दुसऱ्या कामाच्या दिवशी इंजिनिअर दारात. आहाहा! येणार कुठून? बहुधा पनवेलकडून. म्हणजे मुंबई-गोवा महामार्गाने. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा चौपदरी करायचं काम २०११ साली सुरू झालं. त्यानंतर इंटेलच्या किती पिढ्या आल्या आणि गेल्या, ते काकांना विचारा. अशा रस्त्याने येणाऱ्या इंजिनिअरला 'नेक्स्ट डे' म्हणणारा माणूस एक तर साधू असला पाहिजे, नाही तर मार्केटिंगवाला.

आणि ही ऑनसाइट तरी सगळीकडे असते का? तिची गंमत एका छोट्याशा चौकोनात दडलेली आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर जा, सर्व्हिसच्या पानावर पिनकोड विचारतात तिथे या. तळ्याचा पिनकोड टाका. चाक फिरतं. फिरतं. मग एक तर 'सेवा उपलब्ध', नाही तर फार अदबीने 'जवळच्या केंद्रावर आणून द्यावे'. जवळचं म्हणजे? नकाशा उघडा म्हणजे कळेल. लॅपटॉप पिशवीत, पिशवी मांडीवर, मांडी एसटीत, एसटी खड्ड्यात. बिघडला नसेल तो भागही तिथवर पोचेपर्यंत खिळखिळा. पंधरा मॉडेलं तपासून बघणाऱ्या समितीला हा एक चौकोन आधी भरून बघावासा वाटला नाही. बैल गेला अन् झोपा केला!

वगळलेल्या गोष्टींची यादी तर कोकणावरच डोळा ठेवून लिहिलेली वाटते. साध्या वॉरंटीत साधारणपणे काय बसत नाही? पाणी सांडलं, बसत नाही. वीज पडून वा दाब वाढून बोर्ड जळला, बसत नाही. मुंग्या, झुरळं, उंदीर शिरले, बसत नाही. मग आपल्याकडे लॅपटॉप बिघडतो तो कशाने हो? जूनला पाऊस सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत कपड्याच्या घडीला बुरशी, चपलेला बुरशी, लॅपटॉपच्या बॅगेला तर मखमलच. गरम जाळीच्या उबेला मुंग्या संसार थाटतात. दिवे गेले, आले, पुन्हा गेले, पुन्हा आले ते असे दणक्यात, की ट्यूबलाइटसुद्धा दचकते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा दक्षिण रायगडातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, आणि नेमकी शाळा ऑनलाइन होती. तेव्हा कुणी प्रोसेसरची पिढी विचारली? विचारलं ते एकच, "चार्जिंग कुठे मिळेल?"

यावर औषध आहे, पण ते वेगळ्या बाटलीत. अपघाती नुकसानीचं संरक्षण निराळं विकत घ्यावं लागतं, तेही बहुतेकदा खरेदीबरोबर किंवा ठरलेल्या मुदतीतच. त्यातही वर्षातून किती वेळा दावा करता येईल, याला मर्यादा असते. तीन वर्षांची वॉरंटी घेतली म्हणून मिरवणाऱ्यांनी बॅटरीची ओळ वाचावी. ती बऱ्याचदा एकाच वर्षाची असते. आणि वॉरंटीची तारीख? ती कधी कधी तुम्ही घेतलात त्या दिवसापासून नव्हे, माल कंपनीतून निघाला त्या दिवसापासून सुरू झालेली दिसते. लॅपटॉप दुकानाच्या फळीवर धूळ खात होता आणि तुमची वॉरंटी चुपचाप झिजत होती! सीरियल नंबर टाकून तपासा, बिल पाठवून दुरुस्त करून घ्या. पण बिल असेल तर ना? "बिलाशिवाय घ्या, थोडं कमी करतो," म्हटल्यावर ज्यांची कळी खुलली, त्यांनी आता कुणाकडे दाद मागायची?

पुरावा कसा जपायचा, ते तळ्याजवळच्या कुडा लेण्यांत जाऊन बघा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दान देणाऱ्यांनी आपलं नाव आणि धंदा दगडात कोरून ठेवला. वैद्य, माळी, लोखंडाचा व्यापारी. खाडीची खारी हवा खाऊनही अक्षरं अजून वाचता येतात. इकडे थर्मल कागदावरचं बिल सहा महिन्यांत कोरं होतं, आणि आपण त्यालाच पुरावा म्हणतो.

इतकं सगळं होऊनही वेड ओसरलंय का? नाव नको. उलट रोज नवे भक्त! परवापर्यंत "मोबाइलवर सगळं होतं" म्हणणारे गुरुजी आता एनव्हीएमई आणि साटातला फरक फळ्यावर काढून दाखवतात. सेवा केंद्रातला पोरगा उत्पन्नाचा दाखला देता देता 'ड्युअल चॅनल'वर प्रवचन झोडतो. ३ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने लॅपटॉपच्या आयातीला परवान्याची अट लावली आणि दुसऱ्याच दिवशी ती ३१ ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलली, त्या एका रात्रीत ज्यांना आयुष्यात लॅपटॉप घ्यायचा नव्हता, तेसुद्धा "आत्ताच घ्यावा का?" म्हणून तळमळले. टॅलीच्या नोंदी करणाऱ्याला आरटीएक्सचं ग्राफिक कार्ड हवं. का? "असू दे, पुढेमागे." पुढेमागे काय, तळगडावर सिनेमा काढणार आहात?

आणि आपण? आपण अर्थातच यातले नाही. आपण आपले लांबून मजा बघणारे. फक्त काल रात्री झोप येईना म्हणून दोन मॉडेलं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, एवढंच. आणि शेजाऱ्याने घेतलेल्याची किंमत आज किती उतरली, हे सहज तपासलं. उतरली होती. बरं वाटलं. तुम्हीही तपासलीत ना? खरं सांगा, हे वाचता वाचता आपल्या लॅपटॉपचा तिसरा आकडा कोणता, ते तो उलटा करून बघितलंत की नाही?

तेव्हा नाकं मुरडून झाली असतील तर निकाल ऐका. अभ्यास, हिशेब, फॉर्म भरणं, थोडा सिनेमा, एवढ्यासाठी अलीकडच्या पिढीचा आय-फाइव्ह किंवा रायझन ५, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि ३०० निट्सच्या वरचा पडदा भरपूर झाला. उरलेल्या पैशांत सप्तरंगी दिवे नकोत. अपघाती संरक्षण आणि चांगला स्पाइक गार्ड घ्या. आकाश गडगडलं की पिन काढा. पैसे मोजण्याआधी पिनकोड टाकून बघा, पक्कं बिल मागा आणि त्याच दिवशी त्याचा फोटो काढून ठेवा. कंपनीने टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तळेकरांना अलिबागच्या जिल्हा आयोगात, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क लागत नाही. एवढं करा, मग आय-नाईन घ्या नाही तर आय-नव्वद, आम्ही हू की चू करणार नाही. फक्त स्टँडवर काकांना किंमत सांगू नका. त्यांना ती तुमच्या आधी माहीत असते, आणि दोन हजारांनी कमी.